अर्ध्या तासाच्या उसंतीत कोणता सिगार ओढावा?

प्रश्न: दुपारच्या कामातून मला जेमतेम अर्ध्या तासाची उसंत मिळते. तेवढ्यात रोबुस्टो आकाराचा सिगार निम्माच ओढून होतो आणि उरलेला संध्याकाळी पुन्हा पेटवला, तर कडवट लागतो. यावर काही उपाय आहे का?

उत्तर १: रोबुस्टो साधारण ५ इंच लांब आणि ५० रिंग गेजचा, म्हणजे ५०/६४ इंच व्यासाचा असतो, तो सावकाश ओढायचा, तर पाऊण ते एक तास हवाच. आपण त्याहून लहान आणि बारीक आकाराचा पेटिट कोरोना सिगार घेऊन पाहावा. घाईने झुरके घेतल्यास सिगार तापून कडवटपणा वाढतो, म्हणून मिनिटाला एखादाच झुरका पुरे.

उत्तर २: विझलेला सिगार थोड्या वेळात पुन्हा पेटवता येतो, पण संध्याकाळपर्यंत गार राखेचा वास त्यात पुरता मुरलेला असतो. (काटकसरीपायी हा प्रयोग मीही बरेच दिवस केला.)

उत्तर ३: आकार लहान घेतला, तरी धूर छातीत न ओढताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका कायम राहतो, हे ध्यानात असू द्यावे. मी स्वतः रोजचा सिगार सोडून तो केवळ सुटीच्या दिवसापुरता ठेवला आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रोबुस्टोही आता सुटीच्या दिवशीच काढीन.