चेस्टनट मिनिएचर घोडी, पांढरं तोंड, निळे डोळे: पैदाशीआधी कोणत्या चाचण्या?

प्रश्न: पागा_टेक्सास

घोडी अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनकडे नोंदलेली आहे, आयाळ संपते तिथे उंची ३२ इंच. रंग चेस्टनट (लालसर तांबूस), आयाळ आणि शेपूट जवळजवळ पांढरी. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं तोंड पांढरं, दोन्ही डोळे निळे, मागच्या एका पायाला खुराच्या वर बोटभर पांढरं. बाकी अंगावर एकही पांढरा डाग नाही, नोंदणीत 'सॉलिड' लिहिलंय. तिच्या जनुकांची कोणतीही तपासणी झालेली नाही.

तिला ज्याच्याकडून भरवायचंय तो घोडा काळा सिल्व्हर टोबियानो. टोबियानो, फ्रेम आणि स्प्लॅश हे अंगावर पांढरं आणणारे जनुकीय बदल, सिल्व्हर काळा रंग फिकट करणारा. त्याचा रिपोर्ट असा (एन म्हणजे नेहमीची प्रत, दुसरं अक्षर म्हणजे बदललेली प्रत): टोबियानो एन/टीओ, सिल्व्हर एन/झेड, फ्रेम एन/ओ, स्प्लॅश १ एन/एन.

१. शिंगरू पिंटो (मोठ्या पांढऱ्या डागांचं) होण्याची शक्यता किती?
२. फ्रेमचे डाग मानेवर आणि बरगड्यांवर दिसतात असं वाचलंय. घोडीच्या अंगावर तसं काही नाही. मग ती फ्रेमची वाहक नाही असं धरून चालायचं का?

उत्तर: आयाळ_आणि_खूर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर शिंगराचा जीव अवलंबून आहे. नाही, असं अजिबात धरू नका. फ्रेमची एक प्रत असलेली घोडी नुसत्या पांढऱ्या तोंडाची असू शकते. कधी कधी कपाळावरच्या छोट्या चांदापलीकडे काहीच दिसत नाही. मोठं पांढरं तोंड, निळे डोळे आणि जवळपास गडद पाय हे चित्र तर फ्रेमशी चांगलंच जुळतं. ते स्प्लॅशशीही जुळतं, आणि दोन्ही एकत्र असण्याशीही. फोटो पाहून यातलं कोणतं हे सांगता येत नाही. नोंदणीतला 'सॉलिड' हा शब्द अंगावर काय दिसतं ते सांगतो, आत काय आहे ते नाही.

फ्रेमचं कारण ईडीएनआरबी या जनुकात आहे. त्या बदलामुळे प्रथिनात ११८व्या जागी आयसोल्यूसीनऐवजी लायसीन येतं. हे १९९८ मध्ये सापडलं. गर्भात न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशींपासून कातडीतल्या रंगपेशी तयार होतात आणि आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशीही. एक प्रत बदललेली असली तर फक्त रंग कमी पडतो. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर शिंगरू पूर्ण किंवा जवळपास पूर्ण पांढरं जन्मतं आणि आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. अन्न पुढे सरकत नाही. शिंगरू उभं राहतं, दूध पितं, आणि मग पोट दुखायला लागतं. यावर इलाज नाही.

तुमचा घोडा एन/ओ आहे. घोडीही एन/ओ निघाली तर प्रत्येक वेळी २५ टक्के शक्यता मरणाऱ्या शिंगराची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के मोकळ्याची. मागचं शिंगरू वाचलं म्हणून पुढच्याची शक्यता बदलत नाही. घोडी एन/एन निघाली तर जीवघेणं पांढरं शिंगरू होऊच शकत नाही, मात्र निम्म्या शिंगरांत फ्रेमची एक प्रत जाईल. ती प्रत टोबियानोच्या पांढऱ्याखाली झाकली जाते, म्हणून त्यांचीही चाचणी करावी लागेल.

घोडी एन/ओ असेल तर घोडा बदला. यात दुसरा विचार करण्यासारखं काही नाही.

पिंटोबद्दल: तुमच्या घोड्यात टोबियानोची एकच प्रत आहे, म्हणून टोबियानो शिंगराची शक्यता ५० टक्के. पाठीवरून आडवा जाणारा पांढरा पट्टा आणि पांढरे पाय ही त्याची खूण. काही टोबियानोंना मात्र फक्त पांढरे पाय आणि आयाळीजवळ तळहाताएवढा डाग असतो.

उत्तर: सिल्व्हर_डॅपल

वरचं सगळं बरोबर. फ्रेमच्या जोडीने घोडीची सिल्व्हर चाचणीही कराच. चेस्टनट घोड्यात सिल्व्हर कोणाच्या लक्षातच येत नाही.

सिल्व्हर फक्त काळ्या रंगद्रव्यावर काम करतं, आणि चेस्टनटच्या केसात काळं रंगद्रव्य नसतंच. त्यामुळे घोडीत सिल्व्हरची एक प्रत असो वा दोन, ती दिसणार नाही. पांढरट आयाळ पाहून बरेच जण तिला सिल्व्हर म्हणतात, पण चेस्टनटवरची ती आयाळ फ्लॅक्सन, म्हणजे नुसती फिकट असते, त्याचा सिल्व्हरशी संबंध नाही. म्हणजे आयाळीवरून 'आहे' असंही कळत नाही आणि 'नाही' असंही नाही.

प्रश्न नुसत्या रंगाचा असता तर एवढं लिहिलं नसतं. सिल्व्हर ज्या पीएमईएल१७ जनुकातल्या बदलामुळे येतं, त्याच बदलासोबत डोळ्यांचे जन्मजात दोष येतात. १९९९ मध्ये रॉकी माउंटन घोड्यांत त्यांचं वर्णन झालं आणि मिनिएचर व शेटलंडमध्येही ते आढळतात. एका प्रतीला डोळ्याच्या आत पाण्याच्या गाठी असू शकतात, नजरेवर बहुधा फारसा परिणाम होत नाही. दोन प्रतींना बुब्बुळ पुढे आलेलं, बाहुली वेडीवाकडी आणि उजेडाला नीट न आकसणारी, कधी दृष्टिपटलही बिघडलेलं. घोडीही एन/झेड असेल तर अशा शिंगराची शक्यता २५ टक्के. ती एन/एन असेल तर शून्य. या घोड्याला मोकळी घोडी मिळणं अवघड नाही, मग झेड/झेडची जोखीम घ्यायचं कारण काय?

शिंगराच्या मूळ रंगाचं गणितही सांगतो. घोडी चेस्टनट, म्हणजे केस काळे की लाल हे ठरवणाऱ्या एक्स्टेंशन जनुकाच्या तिच्या दोन्ही प्रती लाल. घोड्याच्या दोन्ही प्रती काळ्याच्या असतील तर एकही शिंगरू चेस्टनट होणार नाही. एक लाल असेल तर निम्मी होतील, आणि त्यांच्यातलं सिल्व्हर पुन्हा लपलेलं राहील. अगूटी या जनुकामुळे काळा रंग आयाळ, शेपूट आणि पायांपुरता राहतो, तेव्हा घोडा बे दिसतो. घोडीच्या अगूटीचाही पत्ता नाही, कारण चेस्टनटमध्ये तेही झाकलेलं असतं. तिच्याकडून अगूटी गेलं तर काळ्याऐवजी सिल्व्हर बे शिंगरू येऊ शकतं. सिल्व्हर शिंगराच्या पापण्यांचे केस बऱ्याचदा पांढरे आणि खुरांवर उभे पट्टे असतात, पण टोबियानोच्या पांढऱ्या पायांखाली खूर मुळातच फिकट असतो, तिथे ही खूण उपयोगाची नाही.

पागा_टेक्सास

घोडी फ्रेमसाठी एन/एन निघाली आणि तरी शिंगरू जवळपास पांढरं जन्मलं तर?

उत्तर: आयाळ_आणि_खूर

तर ते जीवघेण्या फ्रेमचं नाही, हे पशुवैद्याला रिपोर्ट दाखवून ठामपणे सांगा. पांढरं दिसलं म्हणून घाईने शेवट केला जाऊ नये. टोबियानो आणि स्प्लॅश एकत्र आले की पुष्कळ पांढरं होतं. सबिनो १ या पांढऱ्या खुणांच्या आणखी एका बदलाच्या दोन प्रती असलेलं शिंगरूही जवळपास पांढरं आणि पूर्ण निरोगी असतं. पहिली काळी चिकट लीद २४ तासांत पडली पाहिजे. नाही पडली तर रंग कोणताही असो, डॉक्टर बोलवा. बहुतेक वेळा ते साधं अडकणं असतं आणि एनिमाने सुटतं.

स्प्लॅशसाठी मात्र एक काळजी घ्या. आतल्या कानातही रंगपेशी लागतात, त्यामुळे काही स्प्लॅश घोडे बहिरे असतात. मागून, हवा किंवा जमिनीचा धक्का लागणार नाही अशा अंतरावरून आवाज करून कान वळतो का पाहा. नक्की सांगणारी तपासणी म्हणजे मेंदूच्या लहरींवरून ऐकू येणं मोजणारी. बहिरा मिनिएचर उत्तम जगतो, फक्त त्याच्याजवळ समोरून जायचं. आणि स्प्लॅश १ चा रिपोर्ट एन/एन आला म्हणजे स्प्लॅश नाहीच, असं होत नाही. एमआयटीएफ आणि पॅक्स३ या जनुकांत इतरही बदल आहेत, म्हणून घोडीचं पूर्ण पांढऱ्या खुणांचं पॅनेल मागवा. गुलाबी नाकाला उन्हाळ्यात झिंक ऑक्साइडचं मलम लावत जा.

उत्तर: भीमथडी_पुणे

नमुना कसा घ्यायचा ते लिहिते, कारण चुका तिथेच होतात. आयाळीचे किंवा शेपटीचे २० ते ३० केस, मुळांसकट. कापलेले केस उपयोगाचे नाहीत, रंगाची तपासणी होते ती मुळाच्या पांढऱ्या गाठीतल्या पेशींवर. थोडे थोडे केस बोटाभोवती कातडीजवळ गुंडाळून झटका द्या आणि मुळं आहेत ना ते उजेडात बघा. केस कोरडे हवेत, कागदी पाकिटात, प्लॅस्टिकमध्ये दमट होतात. प्रत्येक जनावराचं पाकीट वेगळं, नाव आधी लिहून. शिंगराचे केस घेताना त्याच्या अंगाला चिकटलेले आईचे केस आधी झटकून टाका, नाहीतर रिपोर्ट दोघांची सरमिसळ दाखवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुजनुक प्रयोगशाळेत फ्रेम, सिल्व्हर, टोबियानो, स्प्लॅश सगळं एकाच नमुन्यावर होतं. त्याच केसांवर मिनिएचरमधल्या बुटकेपणाची, एसीएएन जनुकाची चाचणीही मागा. बुटकेपणाचे दोन वेगवेगळे बदल एकत्र आले तरी बुटकं शिंगरू होतं आणि वाहक आईबाप दिसायला अगदी ठीक असतात.

आपल्याकडच्या नावांनीही असाच घोटाळा होतो. पंचकल्याणी म्हणजे चार पाय आणि तोंड पांढरं, एवढंच. ते सबिनोमुळे, स्प्लॅशमुळे की आणखी कशामुळे, हे नाव सांगत नाही. अबलख घोडाही टोबियानोच असेल असं नाही. सारंगखेड्याच्या बाजारात पाहून घेतलेल्या घोड्याला हे जितकं लागू, तितकंच तुमच्या बत्तीस इंची घोडीला.

पागा_टेक्सास

केस आजच काढते. फ्रेम, सिल्व्हर, पांढऱ्या खुणांचं पूर्ण पॅनेल आणि एसीएएन. रिपोर्ट येईपर्यंत घोडी वेगळ्या कुरणात ठेवते.

उत्तर: सिल्व्हर_डॅपल

कुंपण नीट बघून घ्या. मिनिएचर घोडा खालच्या पट्टीखालून सहज निघतो.