दिवसभर कापसाचे बोळे नकोत
कानात शिट्टीसारखा आवाज येत राहतो (टिनिटस), त्यावर कानात सतत कापूस ठेवायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय, त्याबद्दल थोडं. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोरून जायचं असेल तर फोमचे इअरप्लग घालाच (कापसाने आवाज फारसा अडत नाही). पण घरातही कान बंद ठेवले की मेंदू जणू आतला व्हॉल्यूम वाढवतो. शिट्टी ठळक होते, पुढे साधा आवाजही सोसवत नाही.

माझा खरा त्रास रात्रीचा. निजानीज झाली की कानात रातकिडे सुरू. मग पंखा दोनवर आणि मोबाइलवर पावसाचा आवाज, तोही शिट्टीपेक्षा जरा हळूच. ती पार बुडवायची नाही, असं ऑडिऑलॉजिस्टबाईंनी (श्रवणतज्ज्ञ) बजावलंय. स्टीलच्या भांड्यांपुढे मात्र अजून हात टेकलेत. घासलेली ताटं मांडणीत लागायला लागली की मी गॅलरीत. कामचुकारपणाला बरं निमित्त मिळालं, इति बायको.

हा शिट्टीचा आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर ईएनटीकडून तपासून घ्याच. आणि अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी गाठा. त्यावरची स्टेरॉइड्स पहिल्या 2 आठवड्यांत सुरू झाली तरच जास्त उपयोगी पडतात.