मोठ्या कंपनीत शिरायला सेल्सची एक पायरी उतरावी का?

कोल्डकॉल:
छोट्या ग्राहकांना सॉफ्टवेअर विकून स्वतः डील क्लोज करणारा माणूस. मोठ्या खात्यांना, म्हणजे मोठ्या कंपन्यांना, विकणाऱ्या कंपनीत त्याला एसडीआरची, म्हणजे नुसत्या मीटिंगा लावून देण्याची जागा मिळतेय. घ्यावी का? माझ्या मते घ्यावी. छोटी डील महिन्याभरात उरकते. मोठ्या खात्यात सहा-आठ महिने सहज जातात आणि होकार एकट्याचा नसतो: वापरणारा विभाग, आयटी, खरेदी, लीगल, फायनान्स. कोण कुठे अडवतो हे आत शिरल्याशिवाय कळत नाही.

पैशाचंही बघा. आजचं पॅकेज 100 धरा, निम्मं फिक्स, निम्मं इन्सेंटिव्ह. टार्गेट 60 टक्के होत असेल तर हातात 80. नवीन पॅकेज 75, पण 70:30 ने. म्हणजे फिक्स 52.5, आजच्यापेक्षा जास्तच.

तिमाहीअखेर:
हे गणित टार्गेट न गाठणाऱ्याचं झालं. तो 120 टक्के करत असेल आणि 100 च्या वर दीडपट दर असेल तर त्याला 115 मिळतात. 115 सोडून 75 वर कशाला जायचं? आणि जो 60 वरच अडकलाय, त्याने आधी का अडकलोय ते शोधावं. एसडीआर होऊन ते दुखणं जात नाही.

शिवाय पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न कोटा, म्हणजे विक्रीचं टार्गेट, किती होता आणि किती केला हाच. तिथे मीटिंगांचा आकडा सांगून भागत नाही. 'वर्षात एई (अकाउंट एक्झिक्युटिव्ह, म्हणजे डील क्लोज करणारा) करू' हे तोंडी आश्वासन तर सोडूनच द्या. आठ एसडीआर आणि वर्षाला एईची जागा रिकामी होणार एक, तर बाकी सात काय करणार?

पाईपलाईनवाला:
दोघंही मुद्द्याच्या गोष्टीला हात लावत नाही: मीटिंग मोजतात कशी? लावली की, झाली की, का एईने स्वीकारली की? 20 लावल्या, 14 झाल्या, त्यातल्या 9 एईने मान्य केल्या असं धरा. महिन्याचं टार्गेट '12 स्वीकृत' असेल तर लावायला लागतात 27. जाहिरातीत दिसतात फक्त 12. आणि ज्या एईची पाईपलाईन, म्हणजे हातातल्या संभाव्य डीलची यादी, आधीच भरलीय, तो 'बजेट नाही' म्हणून चांगली मीटिंगही उडवतो. नाकारायचं तर दोन दिवसांत, कारण लिहून, असा नियम तिथे आहे का हे विचारा. गेल्या चार तिमाहीत किती एसडीआर एई झाले आणि किती सोडून गेले, हेही.

कोल्डकॉल:
मान्य. प्रमोशनची अटही ऑफर लेटरमध्ये, निदान ईमेलवर हवी: 'सलग दोन तिमाही 100 टक्के, मग एईच्या जागेसाठी मुलाखत'. 'कामगिरी बघून' असं लिहिलं असेल तर काहीच लिहिलेलं नाही. आणि राजीनाम्याची तारीख जपून. बऱ्याच स्कीममध्ये पेआउटच्या दिवशी नोकरीत नसाल तर क्लोज केलेल्या डीलचं कमिशनही बुडतं. आधी स्कीमचं कलम वाचा, मग नोटीस.

तिमाहीअखेर:
एवढं सगळं लिहून घ्यायचं, तर त्याआधी एकच विचारा ना. त्याच कंपनीत छोट्या किंवा मध्यम ग्राहकांची एईची जागा आहे का? पगार थोडा कमी चालेल, टेरिटरी लहान चालेल, पण क्लोजिंग सुटता कामा नये. सहा-आठ महिने किमतीची घासाघीस केली नाही की पहिल्याच 'डिस्काउंट द्या'ला माणूस 10 टक्के सोडून मोकळा होतो.

पाईपलाईनवाला:
ती जागा असेल तर वादच नाही. पण आहे असं सांगून मुलाखतीनंतर एसडीआरची ऑफर पुढे करतात, तेव्हा काय?

तिमाहीअखेर:
तेव्हा नाही म्हणायचं. हे मुलाखतीतच फिरतात, तर प्रमोशनच्या वेळी किती फिरतील?