जुन्या ट्रंकेत जपानी ओढ्याचं चित्र मिळालंय, हातानं छापलेलं हाय की मशीनचं?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. मामाचं शहापुरातलं जुनं घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत एक चित्र मिळालं, ओढा, काठावर वाकलेली झाडं, लाकडी साकव आणि त्यावरून छत्री घेऊन एकटीच बाई चाललीय, बघितल्याबरोबर आमचा जांबोटीकडचा पावसाळाच आठवला. कोपऱ्यात जपानी अक्षरं आणि लाल शिक्का. फ्रेमवाला म्हणतोय लॅमिनेशन करून टाका नाहीतर कसर खाईल. करू काय?

छापखाना_निपाणी:
लॅमिनेशन अजिबात नको हो!! आधी भिंगातून पाण्याचा निळा रंग बघा. बारीक ठिपके दिसले तर ऑफसेट, म्हणजे मशीनवर छापलेलं, विषय संपला. नसले तर कागद उलटा करा, खऱ्या लाकडी ठशाच्या चित्रात रंग मागं उतरलेला असतोय आणि गोल गोल घासल्याच्या खुणा असतात, कारण ते प्रेसमध्ये दाबत नाहीत, बांबूच्या सालपटात गुंडाळलेली चकती असते, बारेन म्हणतात, तिनं हातानं घासतात. आम्ही चार रंगांचं रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसवणं, जुळवताना घाम गाळतोय, ही माणसं ठशावर दोन खाचा कोरून त्यात कागद टेकवून एकाच कागदावर वीस-तीस वेळा छापायची. सलाम!

टिळकवाडीची_काकू:
पाणी काठाशी गडद आणि मध्ये फिकं होत गेलंय का बघ बाळा. त्याला बोकाशी म्हणतात, छापणारा दर वेळी ठशावरच ओला ब्रश फिरवून रंग विरवतो. पाऊस-पाण्याची चित्रं म्हटलं की जपानी ठसेचित्रकार कावासे हासुई (1883-1957), माझा आवडता. तसलाच दुसरा चित्रकार हिरोशी योशिदा तर भारतात येऊन गेला, त्याचं अजिंठ्याचंही चित्र आहे. पण सहीला भुलू नकोस, ती बरेचदा ठशातच कोरलेली असते, आणि चित्रकार गेल्यावरही त्याच ठशांवरून प्रती निघतात.

खानापूरकर:
ठिपके नाहीत! बोकाशी पण हाय, छत्रीचा लाल रंग रेषेच्या केसभर बाहेर गेलाय. पण मागचं बघणार कसं, कुणीतरी खळ लावून पुठ्ठ्याला गच्च चिकटवलंय.

छापखाना_निपाणी:
अरे देवा. ओढून काढू नका, पाणी तर लावूच नका, रंग पाण्यातलेच असतात ते. कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकारालाच दाखवा, तोवर उन्हापासून आणि आपल्याकडच्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब, आडवं ठेवा. आणि भिंगातून त्या छत्रीचा फोटो टाका की इथं.