मदत हवी आहे: ‘ग्रासी नोल’मधल्या ‘नोल’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. परवा द्यायचंय आणि एका शब्दावर गाडं अडलंय. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसच्या डीली प्लाझात गोळ्या सुटल्या, तेव्हा काही साक्षीदारांना आवाज ‘ग्रासी नोल’कडून आल्यासारखा वाटला. मी ‘गवताळ टेकडी’ लिहून मोकळी झाले. संपादकांचा फोन: “अहो, टेकडी कुठली? फोटो तरी बघा.” बघितला. रस्त्याच्या कडेला हिरवळीचा चढ, वर लाकडी कुंपण, थोडी झाडं. धावत निघालं तर दम लागायच्या आत माथा येईल. पुण्याच्या वाचकापुढे टेकडी म्हटलं की वेताळ टेकडी उभी राहणार. तो विचारेल, मारेकरी नेम धरायला गेला होता की पहाटे फिरायला?

शब्दकोश उघडला तर गोंधळ वाढलाच. ‘नोल’ म्हणजे चर्चची घंटा वाजवणं, असाही अर्थ दिलाय. त्यात आमचे चिरंजीव सायकलचे पाने-पक्कड टेबलावर काटकोनात मांडून फोटो काढतात, त्याला म्हणे ‘नोलिंग’ म्हणतात. चढ, घंटा आणि पाने, हा सगळा एकच शब्द आहे का? आला कुठून? आणि मुख्य म्हणजे, माझ्या वाक्यात काय घालू?

प्रतिसाद १

घंटा आधी बाजूला काढा. ती ‘नेल’ म्हणजे मृत्यूघंटेचं भावंड, तिचं मूळ वेगळं. गळ्यातली माळ आणि गुरं चरतात तो माळ यांचं जेवढं नातं, तेवढंच यांचं.

तुमचा नोल जुन्या इंग्रजीतला ‘क्नॉल’. स्पेलिंगमधला पहिला ‘के’ शोभेचा नाही, लोक तो खरंच उच्चारायचे. सतराव्या शतकाच्या सुमारास तो मुका झाला. नाइफ (सुरी), नी (गुडघा), नाइट (सरदार) यांचंही तेच झालं. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत क्नॉल हा डोंगराचा माथासुद्धा असायचा. पुढे शब्द झिजत झिजत रस्त्याकडेच्या चढावर आला. ‘हिलॉक’चं तसं नाही, तो जन्मतःच लहान: ‘हिल’ला ‘-ऑक’ हा लघुत्वाचा प्रत्यय. ‘बुलॉक’मध्येही तोच, मूळ अर्थ बैलाचं पोर.

प्रतिसाद २

मी नेदरलँड्समध्ये असते. आमच्याकडे ‘क्नोल’ बाजारात मिळतो. :) डचमध्ये क्नोल म्हणजे सलगम किंवा कुठलाही गड्डा. परवाच ‘क्नोलसेलडरी’ आणला: सेलरीचा गड्डा, नारळाएवढा, खडबडीत, मुळांच्या बेचक्यात माती घट्ट बसलेली. सोलता सोलता निम्मा कचऱ्यात जातो. जर्मनमध्येही ‘क्नोले’ म्हणजे कंद, बटाटासुद्धा त्यातच. आणि ‘क’ अजून सगळे ठणठणीत उच्चारतात. म्हणजे कुळाचा अर्थ गोळा, ढेकूळ, गड्डा. जमिनीला आलेला गड्डा तो इंग्रजांचा नोल. आपल्या कपाळावर टेंगूळ येतं ना, तसं जमिनीला आलेलं समजा.

एखाद्याला फसवलं की डच लोक म्हणतात, लिंबं म्हणून क्नोल विकले.

आता खरी मेजवानी. डचमध्ये ‘कोल’ म्हणजे कोबी. क्नोल-कोल, गड्ड्याचा कोबी. मंडईत आपण त्याला काय म्हणतो? नवलकोल! त्यातलं ‘नवल’ म्हणजे हाच नोल.

प्रतिसाद ३

वर नवलकोल वाचून चहा सांडला.

नोलिंगबद्दल: गोष्ट १९८७ ची, वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्या फर्निचरच्या वर्कशॉपमधली. तिथे साफसफाई करणारे अँड्र्यू क्रोमेलाव इकडेतिकडे पडलेली हत्यारं काटकोनात लावून ठेवायचे. गेरी तेव्हा ‘नोल’ या फर्निचर कंपनीसाठी खुर्च्या करत होते. फ्लोरेन्स नोल यांचं फर्निचर सरळ रेषांचं, काटकोनी, म्हणून ही मांडणी ‘नोलिंग’. त्यात चढ-उताराचा संबंध नाही. पण नोल हे जर्मन आडनाव पुन्हा त्या ढेकळावरूनच आलेलं. तेव्हा घंटा परकी, पाने दत्तक घेतलेले.

प्रतिसाद ४

व्युत्पत्ती छान चाललीय, पण बाईंना परवा लेख द्यायचाय.

‘उंचवटा’ घ्या. वाचकाला तिथे एवढंच कळायला हवं की जागा रस्त्यापेक्षा वर आहे आणि कुंपणामागे माणूस लपू शकतो. मात्र पहिल्यांदा येईल तिथे ‘ग्रासी नोल’ तसंच ठेवा. वृत्तसंस्थेचे वार्ताहर मेरिमन स्मिथ यांनी त्याच दिवशीच्या बातमीत हे शब्द वापरले आणि ते चिकटले ते चिकटलेच. १९६४ साली हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने एकटा मारेकरी ऑस्वाल्ड दोषी ठरवला. १९७९ मध्ये संसदीय समितीने ध्वनिमुद्रणाच्या आधारे उंचवट्यावरून दुसऱ्या कुणी गोळी झाडली असावी असं म्हटलं, आणि १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी तो आधारच खोडून काढला. एवढं होऊनही इंग्रजीत ‘ग्रासी नोल’ म्हटलं की कटाचा वास येतोच. नुसत्या ‘गवताळ उंचवट्या’ला तो येणार नाही.

अवांतर: समुद्रशास्त्रात तळापासून १००० मीटरपेक्षा कमी उठलेला गोलसर उंचवटा म्हणजे नोल. त्या हिशेबाने आपला रायगड पाण्याखाली असता तर त्यालाही साहेबाने नोलच म्हटलं असतं. बोला!

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्यांदा ‘ग्रासी नोल’, पुढे सगळीकडे ‘गवताळ उंचवटा’ केलं. संपादक खूश. आता म्हणतात, शीर्षकाच्या ओळीत ‘उंचवटा’ मावत नाहीये. तिथे ‘टेकाड’ चालेल का?

प्रतिसाद ५

चालेल. टेकडी सोडून काहीही.