मदत हवी आहे: गावचं घर विकण्याआधी डागडुजीवर किती खर्च करावा?

पुण्यात_अडकलेला: नमस्कार मंडळी. गावचं जुनं घर विकायचं आहे. ठेकेदार म्हणतो, टाइल्स, बाथरूम, रंग आणि समोरच्या खोलीवर स्लॅब, साडेचार लाखांत सगळं करून देतो. माझी ऐपत तीनची. यातलं काय केलं तर पैसे वसूल होतील? रविवारी गावी जातोय, तोवर ठरवायचंय. 'वाडवडिलांचं आहे, विकू नका' हे कृपया सांगू नका, घरी रोज ऐकतोय.

सांदवाडी: गाव कुठलं? भिंती मातीच्या की विटांच्या? वर कवेलू (कौलं), टिना की स्लॅब?

सागवेडा: जुनं घर म्हणजे सागवानी मयाली (छताच्या लाकडी तुळया) असतील. किती फुटाच्या आहेत?

पुण्यात_अडकलेला: दर्यापूर तालुका. दर्शनी भिंत विटांची, बाकी मातीच्या. वर कवेलू. पण मी खर्चाचं विचारतोय.

सांदवाडी: अहो, खर्चाचंच सांगतोय. मातीच्या भिंतीवर स्लॅब ठेवणार कसा? कॉलम घ्यावे लागतील, आणि तुमच्याकडच्या काळ्या मातीत पायाच निम्मे पैसे खाईल. ठेकेदाराकडून काय काय करणार ते लिहून घ्या, मग बघा आकडा कुठे जातो.

ठेचा_भाकर: कायले एवढा विचार करता भाऊ? पुट्टी मारा, रंग मारा, मोकळे व्हा. आमच्या काकाचं घर रंगावरच गेलं.

काळी_माती: माझा अनुभव उलटा. एप्रिलात भिंतीच्या भेगा बुजवल्या, बोट जाईल एवढ्या होत्या. वरून पुट्टी, डिस्टेंपर, सगळं. पाऊस लागला, जमीन फुगली, भेगा मिटायला लागल्या आणि आत भरलेलं सिमेंट बाहेर ढकललं गेलं. गिऱ्हाईक आलं नेमकं श्रावणात. त्यानं नखानं पुट्टीचा पापुद्रा काढला, माझ्या हातावर ठेवला आणि पन्नास हजार कमी बोलला.

ठेचा_भाकर: तुमचा मिस्त्री कच्चा होता. रंगाचा काय दोष?

काळी_माती: मिस्त्री तुमच्याच गावचा होता, राहू द्या.

नळजोडणी: मी म्हणतो बोअर मारा. पाणी असलं की घराला भाव येतो.

सांदवाडी: दर्यापुरात? खारपाणपट्टा आहे तो. खारं पाणी वर काढायला लाखभर घालायचे? नळ चालू आहे एवढं दाखवा, पुरे.

हिशेबनीस: कराचं कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो. रंग, किरकोळ दुरुस्ती हा खर्च भांडवली नफ्यातून वजा होत नाही. स्लॅब किंवा नवी खोली 'सुधारणा' धरता येते, पण बिलं पाहिजेत. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन करून घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधीची मालमत्ता असल्यानं १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवणं) धरून २० टक्के, यात कमी बसेल तेवढाच कर.

पुण्यात_अडकलेला: धन्यवाद, पण कराचं मी विचारलं नव्हतं. टाइल्स लावू की नको?

दप्तरदार: ग्रामपंचायतीचा नमुना ८ कुणाच्या नावावर आहे?

पुण्यात_अडकलेला: आजोबांच्या. ते वारून बरीच वर्षं झाली. बाबा आमच्याकडे असतात, दोन आत्या आहेत. त्या काही मागणार नाहीत. ड्रोनवाले मोजून गेले होते म्हणे, सनद (मालकीचा कागद) आणायला कुणी गेलं नाही.

दप्तरदार: हे आधी सांगायचं ना! नमुना ८ कर आकारणीचा उतारा आहे, त्यानं मालकी ठरत नाही. ती ड्रोनची मोजणी सरकारच्या स्वामित्व योजनेची असेल तर सनद कुणाच्या नावानं निघाली ते रविवारी बघा. मृत्युपत्र नसेल तर आत्यांचा वाटा बाबांएवढाच. मागणार नसतील तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र घ्या. जाणतं गिऱ्हाईक फरशी बघायच्या आधी कागद मागतं.

ठेचा_भाकर: अन् घेऊन कोण राह्यलं? ते तरी सांगा.

पुण्यात_अडकलेला: शेजारीच. त्याला पोरासाठी बांधायचंय, ट्रॅक्टरलाही जागा पाहिजे. सौदा झाला की जेसीबी लावतो म्हणाला.

ठेचा_भाकर: अरे बाप्पा! तो पाडून राह्यला अन् तुमी त्याच्यासाठी टाइल्स लावता?

पुण्यात_अडकलेला: ठेकेदाराला वीस हजार ॲडव्हान्स दिलाय.

काळी_माती: त्या वीस हजारांत त्याच्याकडून कवेलू फेरून घ्या. सौदा लांबला तर घर पावसाळाभर तसंच उभं राहील, वानेरं कवेलू फोडतात आणि ओल थेट लाकडात उतरते. ते सागवान वेगळं विकता येईल. सौद्यात लाकूड कुणाचं ते आत्ताच बोलून घ्या, नाहीतर जेसीबीबरोबर जाईल.

पुण्यात_अडकलेला: लाकडाचं डोक्यातच नव्हतं. मोठ्या आत्याला फोन लावतो.

सागवेडा: म्हणूनच विचारत होतो. मयाली किती फुटाच्या?