पोर्ट ब्लेअरला १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस: हिशेब बसतो का?

जुन्नरकर

नमस्कार मंडळी. नारायणगावजवळ आमचं २० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, सात वर्षं रंगीत ढोबळी मिरची करतोय. म्हणजे धंदा नवा नाही, जागा नवी आहे.

धाकटा भाऊ नौदलातून निवृत्त होऊन पोर्ट ब्लेअरलाच राहिला. सासुरवाडी तिथलीच, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आणून वसवलेलं कुटुंब. सासऱ्यांची चौलदारीला दोन एकर जमीन आहे, वरच्या अंगाला सुपारी, खाली मोकळी. भाऊ म्हणतो, जुलैमध्ये तिथे टोमॅटो आणि ढोबळीचा भाव ऐकवत नाही, कारण सगळं चेन्नई-कोलकात्याहून बोटीने येतं.

इथल्या एका कंपनीकडून कोटेशन घेतलं. १० गुंठे, पंख्याशिवायचं साधं पॉलिहाऊस, चौरस मीटरला ११५० रुपये, म्हणजे साडेअकरा लाखांच्या वर. बोटीचं भाडं वेगळं. निम्मं अनुदान मिळेल असं विक्रेता सांगतो. कागदावर दोन वर्षांत पैसे फिटतात, आणि म्हणूनच मला संशय येतोय. बेटावर प्रत्यक्ष केलेलं कोणी आहे का?

मिरजेचा_मळा

डोळे झाकून करा. १० गुंठ्यांत १० टन ढोबळी निघते हे तुम्हाला माहीतच आहे. १०० रुपये किलो धरला तरी १० लाख झाले. समोर स्पर्धा कोण? फारच उकाडा झाला तर फॅन-पॅड (ओल्या पॅडमधून हवा ओढून गारवा करणारे पंखे) बसवायचं.

दर्याकाठचा_माळी

डोळे उघडे ठेवून करा.

मी मूळचा कोल्हापूरकडचा, बेटावर १९ वर्षं. (शहराचं नाव आता श्री विजयपुरम, पण बाजारात सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात.) तुमच्या कोटेशनसारखंच एक पॉलिहाऊस मी ५ गुंठ्यांवर उभं केलं होतं. त्याचे पाईप भंगारात गेले.

आधी ढोबळीचं. नारायणगावला रात्री गारवा येतो, इथे रात्रीचा पारा वर्षभर २३-२४च्या आसपास. ढोबळी आणि टोमॅटोचं झाड उंच होतं, पानं हिरवीगार, आणि फूल गळून पडतं. पहिल्या वर्षी मी झाडांचे फोटो काढून गावी पाठवत होतो, फळांचे नव्हतेच. फॅन-पॅडचं म्हणाल तर ते कोरड्या हवेचं यंत्र आहे. पाणी उडून गेलं तर गारवा येणार, आणि इथे हवेतली आर्द्रता ८० टक्के. ओल्या फडक्याने ओलं अंग पुसण्यातला प्रकार. शिवाय वीज बरीचशी डिझेलवर, ती कधी जाईल सांगता येत नाही.

टोमॅटोचा दुसरा वैरी म्हणजे मर रोग. तोही जिवाणूंचा. सकाळी टवटवीत झाड दुपारी मान टाकतं. रानवांग्यावर कलम केलेली रोपं टिकतात, पण ती दरवेळी मुख्य भूमीवरून आणायची तर रोपाचा खर्च फळापेक्षा जास्त.

मग छप्पर घालायचंच कशाला? पावसासाठी. वर्षाला ३००० मिलिमीटर, मे ते डिसेंबर. उघड्यावरची कोथिंबीर, लाल माठ, पालक सगळं झोडपून निघतं. म्हणजे आपल्याला इथे ऊब अडवायची नाही, फक्त पाणी अडवायचं आहे. वर २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, बाजू सताड उघड्या, उंची भरपूर. कृषीवाले याला रेन शेल्टर म्हणतात, गाराचर्माच्या केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्थेत जाऊन विचारा. त्यात मी कोथिंबीर, पालेभाज्या आणि परागीभवन न लागणारी काकडी घेतो.

आता पैशाचं. माझे ५०० चौरस मीटर, वाटा सोडून वाफे ३००. वाफ्याला मीटरमागे किलोभर कोथिंबीर, ३८-४० दिवसांत. पावसाळ्यात चार पिकं, १२०० किलो. मला सरासरी २०० रुपये पडले, म्हणजे २ लाख ४० हजार. छान वाटतं ना? एक कायमचा गडी ठेवला तर महिना १८ हजारांप्रमाणे वर्षाला २ लाख १६ हजार त्यालाच. उरले २४ हजार, त्यात बी, खत आणि दर तीन वर्षांनी नवा कागद. मी आणि बायको मिळून करतो म्हणून चाललंय. सासरे-मेव्हणे हाताला येणार असतील तरच पुढे जा.

आणि एका पिकाची ही ३०० किलो एकदम काढली की बाजार बसलाच. अख्ख्या अंदमान-निकोबारची वस्ती २०११च्या जनगणनेत ३ लाख ८० हजार, ती बेटाबेटांवर विखुरलेली. तुमचा एक टेम्पो मुंबईच्या बाजारात कोणाच्या लक्षातही येत नाही, इथे मोहनपुऱ्याच्या मंडईत भाव पाडतो. मी रोज थोडा थोडा वाफा पेरतो आणि रोज ८ किलो काढतो, तेवढीच. मिरजकरांच्या १० टनांचं इथे काय करायचं ते त्यांनीच सांगावं.

हॉटेलांवर भिस्त ठेवू नका. त्यांचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत. आपला माल महाग असतो तेव्हा त्यांच्या खोल्या रिकाम्या, आणि खवळलेल्या दर्यात हॅवलॉक बेटाची बोट रद्द. जानेवारीत पर्यटक येतात तेव्हा नील बेटाची उघड्यावरची भाजीही येते. नील म्हणजे इथलं भाजीचं कोठार, त्या भावात छपराखाली पिकवणं परवडत नाही. मी त्या चार महिन्यांत रोपवाटिका करतो.

अनुदान सरकारी ठरीव दरावर मिळतं, तुमच्या बिलावर नाही. चेन्नईपासून जवळजवळ १२०० किलोमीटरचं बोटभाडं तुमच्याच खिशातून. माझा अनुदानाचा हप्ता यायला १४ महिने लागले, तोवर व्याज मीच भरलं.

नौसेनेची_वहिनी

मी फक्त गिऱ्हाईक आहे, पण सांगते. बोट लांबली की मोहनपुऱ्यात टोमॅटो मऊ पडलेले आणि तरी महाग. नाशिकचा कांदा मात्र कसाही पोचतो. कोथिंबीर आणि पुदिना ताजा दिसला तर आम्ही भाव न विचारता घेतो. पण घेऊन घेऊन किती घेणार, एक जुडी!

जुन्नरकर

माळीदादा, डोळ्यांत अंजन घातलंत. कंपनीला कोटेशन परत पाठवतोय. ३ गुंठ्यांपासून सुरुवात करावी म्हणतो, सासू आणि मेव्हणी दोघी शेतात असतात. सांगाडा लोखंडाचाच लागेल का? आणि वादळात कागदाचं काय करता?

दर्याकाठचा_माळी

३ गुंठे बरोबर. सांगाड्याला घरच्या सुपारीचे खांब चालतात, खाली डांबर फासा. दोन-तीन वर्षांत बदलावे लागतात, पण भाडं नाही. माझे जस्ताचे पाईप समुद्राच्या वाऱ्याने जोडांपाशी गंजले, पाईपला भोक पाडलं की तिथूनच सुरुवात होते. कागद झिगझॅग स्प्रिंगने (खाचेत कागद दाबून धरणारी नागमोडी तार) बसवा, खिळे नकोत. २०१३ला लेहर वादळाच्या वेळी मी इशारा ऐकून कागद उतरवला, शेजाऱ्याने राहू दिला. त्याचा कागद सांगाड्यासकट गेला.

छपराचं पाणी सोडू नका. तुमच्या ३ गुंठ्यांवर वर्षाला ९ लाख लिटर पडतं. खाली शेततळं घ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे नळाला दिवसाआड पाणी असतं तेव्हा रोपवाटिका त्यावरच जगते.

आणि आफ्रिकन गोगलगाय. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आणली म्हणतात, मुठीएवढी होते. एका रात्रीत रोपांची अख्खी ओळ फस्त. मीठ टाकू नका, वाफा नासतो. रात्री ९ वाजता बॅटरी आणि बादली घेऊन फिरायचं, आमच्याकडे ते काम पोरांचं, बादलीमागे १० रुपये. पावसाळ्यात पोरं माझ्यापेक्षा जास्त कमावतात.